बिनआवाजाचं हसू

आमच्या टीव्हीला दोन बटणं होती. एक चॅनेलचं, दुसरं आवाजाचं. आवाजाचं बटण डावीकडे पूर्ण फिरवलं की ‘टक्’ व्हायचं आणि टीव्हीच बंद पडायचा. त्या ‘टक्’च्या केसभर अलीकडे एक जागा होती. तिथे बटण थांबवलं की चित्र राहायचं आणि आवाज नाहीसा व्हायचा. ती जागा बोटांना सापडायला मला एक पूर्ण पावसाळा लागला. एकदा सापडल्यावर मात्र बटणाची राखण कायमची माझ्याकडे आली. घरातली सगळ्यात धाकटी असूनही ते काम माझंच, कारण ताईच्या हातून दोनदा ‘टक्’ झालं होतं आणि परत चालू करताना टीव्ही एवढ्या जोराने ओरडला होता की नाना दचकून उठून बसले होते.

नाना म्हणजे माझे वडील. पांडेसऱ्यात सांचेखात्यात कामाला होते. सुरतेत यंत्रमागाला सांचा म्हणतात आणि जिथे ते ओळीने धडधडत असतात त्या शेडला खातं. पाळी बारा तासांची, सात ते सात. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी. रातपाळी संपवून नाना सकाळी साडेसातला घरी यायचे. केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीवर पांढरी रुई बसलेली असायची. मोरीत हातपाय धुऊन, भाकरीचे चार घास चहात बुडवून खाऊन, ते भिंतीच्या कडेला गोधडीवर आडवे व्हायचे आणि तोंडावर ओला पंचा घ्यायचे. खोली एकच, दहा बाय बाराची. तिच्यातच चूल, तिच्यातच आमची दप्तरं, तिच्यातच नानांची झोप, आणि नानांच्या पायांशी, लोखंडी पेटीवर, तो काळापांढरा टीव्ही.

“दांगडो करू नका रे, तुमना बाप निजेल शे,” माय म्हणायची. आमच्या घराचा तो पहिला कायदा होता. खात्याची सुट्टी रविवारीच येईल असं नव्हतं, त्यामुळे रविवार सकाळही त्या कायद्यातून सुटायची नाही. आणि पोरांसाठीचे हसवणारे कार्यक्रम तर नेमके रविवारी सकाळीच लागायचे.

म्हणून माझ्या आठवणीतल्या त्या कार्यक्रमांना आवाज नाही. आजही डोळे मिटून आठवायला गेले की चित्रं भराभर येतात. एक अस्वल विमान उडवतंय, टोपीवालं एक बदक नाण्यांच्या ढिगात सूर मारतंय, काळ्या मिशीचा एक माणूस काठी फिरवत कोपऱ्यावर एका पायावर वळतोय. आणि या सगळ्याच्या पाठीमागे ऐकू येतो तो नानांचा श्वास, स्टोव्हची घरघर, आणि भिंतीपलीकडून, गल्लीपलीकडून, दिवसरात्र न थांबणारी सांच्यांची खडखड.

*

खानदेशातून सुरतेला येणाऱ्या माणसाला वाट विचारावी लागत नाही. तापी खोऱ्यातून येणारा लोहमार्ग त्याला उचलून आणतो. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर, जिथे एकाच फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. पुढे सोनगढ, व्यारा, बारडोली, आणि उधना. उधन्याला उतरलं की पुढचं पांडेसरा. औद्योगिक वसाहत, रंगाई-छपाईच्या मिलांची धुराडी, गटारातून कधी निळं तर कधी किरमिजी वाहणारं पाणी, आणि हवेत कायम वाफाळलेल्या कापडाचा वास. माझ्या मामेभावंडांना तो वास सहन व्हायचा नाही. मला मात्र सुट्टीत आजोळी गेलं की त्या वासाविना हवा रिकामी वाटायची.

आमच्या ओळीत चौदा खोल्या होत्या. आम्ही आणि आणखी चार घरं खानदेशातली, घरात अहिराणी बोलणारी. तीन घरं उत्तर प्रदेशातली. टोकाला गुजराती घरमालक. मध्ये एक ओडिया कुटुंब. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून सुरतेत आलेली माणसं बहुतेक एकटी येतात, मेसमध्ये राहतात. एकाच गादीवर दिवसा रातपाळीवाला झोपतो आणि रात्री दिवसपाळीवाला. आमच्या ओळीतल्या त्या ओडिया काकांनी मात्र बायकोपोरांना आणलं होतं, त्यामुळे त्या घराचं सगळ्यांनाच अप्रूप.

कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, त्या चौदा खोल्यांतल्या निदान पाच-सहा खोल्यांत कुणीतरी झोपलेलं असायचं. आमच्या गल्लीत दिवस आणि रात्र अशी वाटणीच नव्हती. पोरांनी गल्लीत क्रिकेट खेळायचं तर कुजबुजत खेळायचं. बाद झाल्याचा पुकारा बोट वर करून. भांडणसुद्धा हातवाऱ्यांनी. मुकेपणाची ही सवय आम्हाला टीव्हीसमोर बसण्याआधीच लागलेली होती.

टीव्ही आमच्याकडे होता, ओडिया काकांकडे आणि उत्तर प्रदेशवाल्या दोन घरांत मात्र नव्हता. म्हणून रविवारी सकाळी आमच्या खोलीत नऊ-दहा पोरं गोळा व्हायची. चपला दाराबाहेर, तेही हाताने हळूच ठेवायच्या. नानांच्या पायांपासून दारापर्यंत जी जागा उरायची तिच्यात आम्ही मांडीला मांडी लावून बसायचो. आणि मग मी ते बटण फिरवायची.

*

आवाज काढून घेतला की कुठल्या कार्यक्रमात खरा दम आहे ते लगेच समजतं. हे मला कुणी शिकवलं नाही. त्या खोलीत आपोआप उमगलं.

‘टेलस्पिन’ आणि ‘डकटेल्स’ दूरदर्शनवर हिंदीत यायची. ती बिनआवाजाची छान चालायची. धावणं, आपटणं, पळता पळता हवेत पाय मारणं, मग खाली बघणं आणि मग पडणं. यातलं काहीच ऐकावं लागत नाही. ‘जंगल बुक’ही चालायचं, भालू असला की जास्तच. त्या शेरखानला हिंदीत आवाज नाना पाटेकरांनी दिला होता, हे मला कित्येक वर्षांनी कळलं. आमचा शेरखान नुसताच जबडा उघडायचा. त्या मालिकेचं गुलजारांनी लिहिलेलं शीर्षकगीत मात्र आम्हाला पाठ होतं, कारण घरमालकांच्या खोलीत कुणी रातपाळीला नसायचं आणि तिथला टीव्ही खुशाल गायचा. गाणं त्यांच्या घरातून यायचं आणि चित्र आमच्या घरात दिसायचं. त्या दोन्हींची सांगड आम्ही मनात घालायचो.

‘तेनालीरामा’ अर्धाच चालायचा. राजाच्या भुवया वर गेल्या, दरबारी एकमेकांकडे बघायला लागले, तेनालीरामाने मान हलवली, एवढं दिसायचं. पण गंमत शब्दांत अडकलेली. ‘मालगुडी डेज’मधला स्वामी शब्दांविना पुष्कळ कळायचा, कारण दिग्दर्शक शंकर नाग यांनी त्या मुलाचा चेहराच बोलका ठेवला होता. शाळेला उशीर झालेल्या मुलाचं पोट कसं दुखायला लागतं, ते सांगायला कुठल्याही भाषेची गरज पडत नाही. ‘देख भाई देख’ मात्र आवाजाशिवाय मुळीच चालायचं नाही. मोठं एकत्र कुटुंब, सगळे एकदम बोलणारे, आणि सगळी मजा त्या बोलण्यात. तिथे ताई पुढे सरसावायची.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती टीव्हीला कान लावून बसायची. बटण शून्याच्या अगदी काठावर असलं की टीव्हीच्या पोटातून डासाएवढा आवाज येत राहायचा. तो ती ऐकायची आणि आम्हाला कुजबुजत सांगायची. हिंदीत, कारण हिंदी सगळ्यांना कळायची. मधेच अहिराणीत, कारण राग आला की तिला हिंदी सुचायची नाही. त्यातल्या शेखर सुमनचे संवाद आम्ही ताईच्या ओठांतून ऐकले. पुढे खूप वर्षांनी ते भाग पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आलं की ताई अर्धं तिच्या मनाचं सांगत होती. तिला ऐकू येत नव्हतं तिथे तिने स्वतः विनोद रचून घातले होते. आणि आम्ही हसलो होतो.

पण हसायचं कसं? तेही दाबून. एक हात तोंडावर घट्ट, दुसरा पोटावर. हसू आत कोंडलं की ते नाकातून, खांद्यांतून, डोळ्यांच्या पाण्यातून वाट काढतं. ओडिया घरातला धाकटा मुलगा तोंडात शर्टाची बाही कोंबायचा. उत्तर प्रदेशवाली एक मुलगी हसू अनावर झालं की उठून दाराबाहेर जायची, गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन तिथे मोकळी हसून परत यायची. आम्ही दहा जण खांदे हलवत, डोळे पुसत बसलेले, आणि खोलीत चिडीचूप. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, या पोरांवर काहीतरी दुःख कोसळलंय.

हसणं दाबलं की ते संपत नाही. संध्याकाळी पाण्याच्या रांगेत उभं असताना एकदम कुणीतरी त्या अस्वलासारखं पोट पुढे काढायचं आणि सकाळचं सगळं हसू पुन्हा उसळायचं.

*

या सगळ्यांत आमचा खरा माणूस चार्ली चॅप्लिन. दूरदर्शनवर त्याचे छोटे मूकपट अधूनमधून लागायचे. ते लागले की मला वाटायचं, आज आम्ही काही गमावत नाही. आज जगात सगळ्यांनाच हा असाच दिसतोय. गुजराती घरमालकांच्या टीव्हीवर आणि आमच्या टीव्हीवर आज काहीच फरक नाही. फक्त पार्श्वसंगीत तेवढं तिकडे जास्त. ही समानता मला तेव्हा फार मोठी वाटली होती. आजही वाटते.

चॅप्लिनने सिनेमाला वाचा फुटल्यानंतरही आपल्या भटक्याला बराच काळ बोलू दिलं नाही. 1927 नंतर पडदा बोलू लागला, तरी 1931 मधला ‘सिटी लाइट्स’ मुकाच राहिला, आणि 1936 च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये भटका शेवटी तोंड उघडतो ते कुठल्याच भाषेत नसलेलं एक गाणं म्हणायला. आमच्या ओळीतल्या चौदा खोल्यांना समजेल अशी भाषा तीच होती. भोजपुरी, ओडिया, अहिराणी, गुजराती या सगळ्यांच्या खालून वाहणारी. तिच्यात व्याकरणाची चूक होत नाही. उच्चारावरून कुणी कुणाला हसत नाही.

उच्चारावरून हसण्याचा अनुभव आम्हा सगळ्यांच्याच गाठीशी होता. बाजारात, दवाखान्यात, बसमध्ये. म्हणून केबल आल्यावर ‘जबान संभालके’ पाहिलं तेव्हा मला ते वेगळंच वाटलं. पंकज कपूर त्यात हिंदी शिकवणारे मास्तर, आणि वर्गात देशोदेशीचे, प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी. टॉम ऑल्टर, विजू खोटे, आणि शाळेच्या प्रमुख बाई म्हणून शुभा खोटे. ‘माइंड युवर लँग्वेज’ या ब्रिटिश मालिकेवरून ते घेतलेलं होतं, हे नंतर कळलं. मला दिसली ती आमची ओळ. प्रत्येकाचं हिंदी आपापल्या गावच्या मातीत घोळलेलं. सगळे चुकतात, म्हणून कुणीच एकटा चुकत नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीत आम्ही शाळा-शाळा खेळलो आणि ज्याची चूक सगळ्यात मोठी त्याला मास्तर केलं. ओडिया मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा आमच्याशी भरभरून बोलला.

सुरत महापालिकेच्या शाळा आज गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू माध्यमांतही चालतात. इतक्या भाषांतली पोरं रोज सकाळी एकाच शहरात वेगवेगळ्या वर्गांत जाऊन बसतात. दुपारी ती एकमेकांना भेटतात कुठे? आमच्या वेळी ती त्या पेटीवरच्या टीव्हीसमोर भेटायची. सुरतेची ही जुनीच रीत म्हणायला हवी. मुलांना हसवण्याची कला या शहराला टीव्हीच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे. हरिप्रसाद व्यासांचे बकोर पटेल, म्हणजे धोतर नेसणारा तो बोकड, इथल्याच ‘गांडीव’ या मुलांच्या पाक्षिकातून गुजराती घराघरांत पोचले. घरमालकांच्या मुलीकडे त्या गोष्टींचं एक फाटकं पुस्तक होतं. ती वाचून दाखवायची, आम्ही चित्रं बघायचो. गुजराती अक्षरांची ओळख मला त्या बोकडानेच करून दिली.

*

1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी पसरली. काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडलं. मायने टीव्हीवर चादर टाकली, तिच्यावर लुगडं बांधलं, कुलूप लावलं आणि आम्ही उधन्याला गाडीत स्वतःला कोंबलं. नंदुरबारजवळ मामाच्या गावी पुढचे काही आठवडे गेले.

मामाकडे टीव्ही ओसरीवर असायचा. तिथे दिवसा कुणी झोपत नव्हतं. रविवारी मामाने सगळ्या पोरांना बसवलं आणि आवाज मोठा केला. अस्वल बोललं, माकडं किंचाळली, वाद्यं वाजली. मामेभावंडं खदखदा हसत होती, लोळत होती. मी पण हसले. आणि माझा हात माझ्या नकळत तोंडावर गेला. मामी म्हणाली, “अगं, हास ना मोकळी, इथे कोण झोपलंय?” मी हात काढला. पण हसू आलं नाही. इतका आवाज असताना मला काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारी नानांचा श्वास नव्हता.

त्या दिवशी मला प्रथम कळलं की आमच्या घरात एक विचित्र हिशेब होता. दिवसपाळीच्या पंधरवड्यात नाना सकाळीच खात्यात जायचे, तेव्हा आम्ही आवाज लावायचो. रातपाळीच्या पंधरवड्यात ते घरी असायचे, तेव्हा आवाज बंद. आवाज असला की नाना नसायचे, नाना असले की आवाज नसायचा. दोन्ही एकदम आम्हाला कधीच मिळालं नाही. आणि दोन्हींतून निवडायला कुणी सांगितलं असतं, तर नऊ वर्षांच्या मी मुकाट तो मुका पंधरवडा निवडला असता.

*

पुढे रंगीत टीव्ही आला. 1997 च्या सप्टेंबरपासून ‘शक्तिमान’ सुरू झालं. सगळ्या देशातली पोरं गोल गोल फिरू लागली. आमच्या गल्लीला मात्र शक्तिमानपेक्षा गंगाधर प्यारा. पुढे आलेले दात, जाड चष्मा, बावळट चाल. मुकेश खन्नांनी तो इतका मनापासून वठवला होता की बाहीत तोंड खुपसणारा तो ओडिया मुलगा, आता तेरा-चौदा वर्षांचा, खात्यात कांड्या भरायला जाऊ लागलेला, संध्याकाळी परत येताना गंगाधराची चाल चालत यायचा. आम्ही दारात उभं राहून वाट बघायचो. तो शाळेतून गळाला होता. ती चाल एवढंच त्याचं बालपण उरलं होतं, आणि ते तो रोज गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत चालून दाखवायचा.

मग ‘सोनपरी’ आली. सोनपरी झालेल्या मृणाल कुलकर्णी आपल्या गो. नी. दांडेकरांची नात, हे आमच्या मराठी शाळेतल्या बाईंनी वर्गात सांगितलं होतं. तेव्हापासून माय त्या परीला ‘आपली पोर’ म्हणू लागली. परीबरोबरचा अल्तू, अशोक लोखंडे, तोही आपलाच. परराज्यात राहणाऱ्या माणसाला पडद्यावर आपलं आडनाव दिसलं की काय वाटतं, ते महाराष्ट्रात राहून कळणार नाही. कुणीतरी आपल्या गल्लीतून तिथे जाऊन बसल्यासारखं वाटतं.

1999 मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि यथावकाश आमच्या केबलवाल्याच्या तारेतून पांडेसऱ्यातही पोचली. 2001 मध्ये तिच्यावर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी केलेली ही मालिका. आबा, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला, नातवंडं शिऱ्या आणि शलाका. मुलांसाठीची म्हणून ती केलेली नव्हती, पण पाच माणसांच्या त्या घरात मुलं आणि म्हातारा एका बाजूला असायचे, म्हणून आम्हाला ती आमचीच वाटली. प्रभावळकर त्याआधी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव झाले होते. चिमणरावाला जन्म देणारे चिं. वि. जोशी कित्येक वर्षं बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत होते. म्हणजे मराठी घराघरांत हसू पेरणारा तो माणूसही गुजरातेत राहूनच लिहीत होता. शाळेच्या कपाटात ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ सापडलं तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा बरं वाटलं. घरापासून लांब राहिलं म्हणून आपल्या भाषेतलं हसू आटत नाही, याची ती ग्वाही होती.

‘टिपरे’ सगळी बोलण्यात होती. आबांचं डायरीतलं लिहिणं, शिऱ्याची सबब, श्यामलाबाईंचा वैताग. तिला आवाज हवाच. तोवर नानांनी खातं बदललं होतं, पाळी फक्त दिवसाची झाली होती, आणि ते संध्याकाळी घरी असायचे. आयुष्यात पहिल्यांदा नाना आणि आवाज दोन्ही एकदम आमच्या खोलीत आले. जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसायचो. नाना भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन. थोड्या वेळाने म्हणायचे, “आवाज वाढाव ना पोरी.”

मी वाढवायची.

“आजून.”

मी आणखी वाढवायची. आता रिमोट होता. पडद्यावर हिरव्या रेघा एकेक करत वाढायच्या. मला किती आनंद व्हायचा ते कसं सांगू. ज्यांच्यासाठी मी आवाज शून्यावर धरून ठेवला होता, तेच आता तो वाढवायला सांगत होते. मला वाटायचं, नाना आता आमच्या हसण्यात आले. इतक्या वर्षांचं देणं फिटतंय. महिन्यामहिन्याने रेघा वाढत गेल्या. शेजारी कुरकुरू लागले. मी आणखी एक रेघ वाढवायची आणि नानांच्या तोंडाकडे बघायची. ते टीव्हीकडे बघत नसायचे. आमच्याकडे बघत असायचे. आम्ही हसलो की ते हसायचे. क्षणभर मागून.

तो क्षण ओळखायला आम्हाला फार वर्षं लागली. डॉक्टरांनी तपासलं तोवर दोन्ही कान बरेचसे गेले होते. कारखान्यात आठ तासांसाठी नव्वद डेसिबलपर्यंतचा आवाज चालतो, असा नियम आहे. सांच्यांच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर जातो आणि पाळी बारा तासांची असते. धोटा इकडून तिकडे आपटतो, तिकडून इकडे आपटतो, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, आणि असे कितीतरी सांचे एकाच पत्र्याखाली. कानाच्या आतले बारीक केसांसारखे तंतू त्या माराने झडतात. ते पुन्हा उगवत नाहीत. डॉक्टर हे शांतपणे सांगत होते. मला मात्र बटणाची ती केसभर जागा आठवत होती, जिथे चित्र राहतं आणि आवाज नाहीसा होतो.

*

जुन्या कार्यक्रमांची आठवण काढणारी माणसं सहसा म्हणतात, तेव्हाचं सगळं चांगलं होतं. मी तसं म्हणणार नाही. तेव्हाची दहा बाय बाराची खोली चांगली नव्हती, बारा तासांची पाळी चांगली नव्हती, तेरा वर्षांचा मुलगा कांड्या भरायला जातो हे मुळीच चांगलं नव्हतं. पण त्या काळात पोरांना हसवण्याचं काम शंकर नाग, गुलजार, पंकज कपूर यांच्यासारखी माणसं आपलं मानत होती. पोरांसाठीचं म्हणून त्यात कुठे हयगय नव्हती. त्या हसण्याने आमच्या घरातल्या कुणाची झोप मोडली नाही, कुणाच्या बोलीची टर उडवली नाही, कुणाच्या गरिबीकडे बोट दाखवलं नाही. आज मी एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. वर्गातल्या पोरांच्या हातात मोबाईल आहे, त्याच्यात अख्ख्या जगाची कार्टून्स आहेत, पण मराठी बोलणारं, हाडामांसाचं, त्यांच्या वयाचं, त्यांना हसवणारं पात्र त्यांना विचारलं तर पटकन सांगता येत नाही. आपल्या वाहिन्यांनी, लेखकांनी, नटांनी हे मनावर घ्यावं. आठवड्यातून अर्धा तास पुरे. आम्हाला तेवढाच मिळाला होता आणि तो आम्हाला आयुष्यभर पुरला.

नाना आता सत्तरीच्या पुढे आहेत. यंत्र कानात घालून बघितलं, त्यांना ते सोसत नाही. दिवसभर दारात बसतात. झोपेत त्यांची बोटं अजून हलतात, तुटलेला धागा शोधून गाठ मारत असल्यासारखी.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा त्यांच्याजवळ फोन घेऊन बसला होता. त्याने ‘मॉडर्न टाइम्स’ लावला. पट्ट्यावरून नट-बोल्ट सरकत येतात, चॅप्लिन दोन्ही हातांतल्या पान्यांनी ते आवळतो, आणि पट्ट्यापासून दूर गेला तरी त्याचे हात थांबत नाहीत. तो रस्त्यावरच्या बाईच्या कपड्यांवरची बटणंही आवळायला धावतो. मुलगा हसत सुटला. नानांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले. मग आपली दोन्ही बोटं उचलून, हवेत, धागा जोडण्याची ती खूण केली आणि म्हणाले, “हाऊ तं मन्हासारखाच शे.”

आणि हसले. आमच्या मागून नाही, आमच्याबरोबर. स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तो किती मोठा झालाय हे त्यांना कळत नाही. गल्लीतली माणसं दारात येऊन बघायला लागली.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही नानांसाठी मूकपट लावतो. आता मोठा रंगीत टीव्ही आहे, बटणं नाहीत. माझा मुलगा रिमोटने आवाज शून्यावर नेतो, आणि नाना मोठ्याने हसतात.